भिंत कोण खातंय?

नवसूदादा,

तुझ्या दिवसांना मी आले होते. मागे, बायकांच्यात बसले होते. तुझ्याबरोबर वसईला, ठाण्याला कामं केलेली माणसं एकेक करून बोलत होती. नवसू दोरीच्या झुल्यावर बसून किती उंच चढायचा, एका पट्ट्यात कशी भिंत ओढायचा, ब्रशचा एक केस भिंतीला चिकटलेला त्याला कसा चालायचा नाही. मलाही कोणीतरी म्हणालं, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, दोन शब्द बोला." मी नको म्हटलं. मला लोकांना काही सांगायचं नव्हतं. मला तुला विचारायचं होतं, आणि विचारायला उशीर झाला होता.

म्हणून आता लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. डब्यावरचं सगळं मीच तुला वाचून दाखवायचे. हेही तसंच समज.

तू पहिल्यांदा आमच्या पाड्यावर आलास तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. भात कापून खळ्यावर आलं होतं. अंगणवाडीची नवी खोली बांधून ठेकेदार नुसता गिलावा करून निघून गेला होता. रंग पुढच्या मंजुरीत होईल म्हणाला. ती पुढची मंजुरी काही येईना. पोरं भिंतीला टेकली की पाठीवर राखाडी पट्टा उमटायचा. वारा आला की खिचडीत रेती कचकच करायची. शेवटी ग्रामपंचायतीने रंगाखाली द्यायच्या प्रायमरचे डबे दिले आणि सरपंच म्हणाले, दाभोशाकडचा नवसू बोलवा, त्याला भिंतीतलं कळतं.

जीपमधून उतरलास तेव्हा हातात एक पिशवी. तिच्यात फडक्यात गुंडाळलेले दोन ब्रश, खरवडायची एक पत्ती आणि घासायचा दगड. मला वाटलं, आता डबा उघडेल. पण तू चपला दाराबाहेर काढल्यास आणि खोलीभर नुसता फिरलास. भिंतीला तळवा लावलास, गाल लावलास, नाक लावून वास घेतलास. दुपारपर्यंत हेच. मी तुला मनात दोन शिव्या दिल्या हे आज सांगते. मला वाटलं, हा माणूस दिवस काढतोय.

मग तू मला हाक मारलीस. "बाई, पाणी आण गं तांब्यात."

तांब्यात बोटं बुडवून तू भिंतीवर पाणी शिंपडलंस. थेंब टेकले आणि टेकले तिथेच नाहीसे झाले. ओघळ नाही, काही नाही. नुसता काळा ठिपका, आणि थोड्या वेळाने तोही गेला.

"बघितलंस? तहानलेली हाय. हिला असाच रंग दिला तर रंगातलं पाणी ही पिऊन टाकंल, आणि वर उरंल नुसती भुकटी. बोट लावलंस की बोटाला येईल."

"मग?"

"मग पहिला हात पातळ द्यायचा. पाण्यासारखा. तो हिला पाजायचा. पोट भरलं की दुसरा हात. तो वर राहतो."

मी बारावीपर्यंत शिकले, अंगणवाडीची सगळी प्रशिक्षणं केली, पण भिंत पाणी पिते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारत सुटले. का पिते? कुठे जातं ते पाणी? मग आमची जुनी कुडाची घरं, शेणामातीची, ती का नाहीत पीत? तू हसलास. "ती पण पितात. आपण दरसाल सारवतो म्हणून कळत नाय." मी तुझ्या मागे मागे फिरत राहिले. मदतनीस बाहेरच्या चुलीवरून ओरडली, "बाई, पोरांकडे बघा, भिंतीकडे काय बघताय?"

ती बरोबर होती, हे मला तासाभरात कळायचं होतं.

तू उत्तरेकडच्या भिंतीपाशी उकिडवा बसला होतास. खिडकीखाली, कोपऱ्यात. बराच वेळ हलला नाहीस. मग तू म्हणालास, "बाई, ही भिंत कोण खातंय?"

मला वाटलं, उंदीर. वाळवी. मी वाकून बघितलं. जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर गिलावा खरवडलेला होता. बशीएवढा खड्डा, कडा गुळगुळीत. त्याच्या बाजूला बारीक बारीक चरे.

"उंदीर खाली पोखरतो," तू म्हणालास. "वाळवी रेघ सोडते. ही नखं हायत. आणि बघ, खाली चुरा पडलेला नाय."

चुरा नाही. म्हणजे जो निघाला तो कुठेतरी गेला. ही साधी गोष्ट, दादा, मी रोज त्या खोलीत झाडू मारताना पाहिली नव्हती.

मी सगळ्या पोरांना गोळा केलं. भिंत कोणी खरवडली? पोरं एकमेकांच्या मागे सरकली. मी आवाज चढवला तर दोघं रडायला लागली. तू मला हाताने थांबवलंस. मग तू परत भिंतीकडे गेलास आणि जीभ काढून सरळ भिंत चाटलीस. मला किळस आली. नंतर तू सांगितलंस की ते तुझं नेहमीचं काम होतं. भिंतीत खार असला की तो रंग उचलून टाकतो, आणि खार डोळ्याला दिसायच्या आधी जिभेला कळतो. पण त्या वेळी आम्ही सगळे बघत राहिलो. पोरं खिदळायला लागली.

एकटी मंगळी हसली नाही. यमुनेची मंगळी, साडेचार वर्षांची. केस पिंगट, ओठ पांढरे. वजनकाट्यावर बसवली की मी दर महिन्याला सुस्कारा टाकायचे आणि आकडा लिहायचे, ती. ती घोळक्यातून निघाली, त्या कोपऱ्यात गेली, नखाने एक खपली काढली आणि तळहातावर ठेवून तुझ्यासमोर धरली.

"इथली खा," ती म्हणाली. "इथली बेस लागते."

तू ती खपली घेतलीस. मी ओरडणार होते. तू माझ्याकडे अशा नजरेने पाहिलंस की मी तोंड मिटलं. तिच्यासमोर तू ती तोंडात टाकलीस, चावलीस. "हां, बेस हाय," म्हणालास. "आणखी कुठली बेस लागते गं?"

मग तिने तुला सगळं दाखवलं. दाराच्या चौकटीपाशी, पाण्याच्या माठामागे, बाहेरच्या ओट्याच्या कडेला. पाऊस पडून गेल्यावर कुठली जास्त चांगली लागते तेही सांगितलं. तिला कोणीतरी विचारतंय याचा तिला इतका आनंद झाला होता! तू तिचं ऐकत तिच्या मागून फिरलास, दुपारी मी तुझ्या मागून फिरले होते तसा.

ती पोरं घरी गेल्यावर मी तुला म्हटलं, "तुला कसं कळलं?"

"मी पण खायचो लहानपणी," तू म्हणालास. एवढंच. आणि दगड पाण्यात बुडवायला लागलास.

मी ते खरं मानलं.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मला ती भिंत उद्याच्या उद्या झाकून हवी होती. तू म्हणालास, बाकी तीन भिंती झाकतो, उत्तरेची नाही. ती वरून सुकली आहे, पोटात ओली आहे. मी विश्वास ठेवला नाही म्हणून तू फरसाणाच्या पाकिटाचा पारदर्शक तुकडा कापून चारी कडांना पट्टी लावून त्या भिंतीवर चिकटवलास. "उद्या बघ." दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडून मी आधी तिकडे धावले. प्लास्टिकच्या आतून बारीक बारीक थेंब आले होते. बाहेर कोरडंठाक ऊन, आणि भिंत आतून घाम सोडत होती. मला इतकं नवल वाटलं की मी तो तुकडा चारही भिंतींवर लावून बघितला. खरंच, एकटी उत्तरेचीच घामेजलेली.

पण नवल वाटणं वेगळं आणि पटणं वेगळं. "ती ओली आहे म्हणून पोरीने ती खात राहायचं का?" मी तुला विचारलं.

 दुपारी तू पाड्यावर जाऊन बांबूची एक तट्टी घेऊन आलास आणि त्या भिंतीला, पोरांच्या उंचीइतकी, मागे बोटभर फट ठेवून ठोकलीस. वारा जाईल, नख जाणार नाही. मला मान्य करावं लागलं. तेव्हाही मी तोंडाने केलं नाही.

मग डबा. तो उघडायच्या आधी तू माझ्या हातात दिलास. "वाच. शिसं हाय का बघ."

"शिसं? रंगात?"

"असतं कुठल्या कुठल्या. ठाण्याला शाळेचं काम होतं तेव्हा साहेब ओरडला होता. पोरांच्या भिंतीला डबा वाचल्याशिवाय हात लावायचा नाय. ही तर भिंत खाणारी पोर हाय."

बारीक अक्षरातलं इंग्रजी. मी अडखळत, बोट ठेवून वाचलं. शिसं नाही, असं लिहिलं होतं. तू तीनदा विचारलंस. तिसऱ्यांदा मी चिडले. "मला वाचता येतं!" तू म्हणालास, "तुला येतं म्हणूनच विचारतो ना."

त्या वेळी तू आणखी एक वाक्य बोललास. "प्रायमरने भिंत वाचंल, बाई. पोर वाचायला दुसरं काय तरी लागंल." मी ते टाकून बोलणं समजले. आधीच मला लाज वाटत होती. कारण ते दुसरं काय लागतं ते मला माहीत होतं. प्रशिक्षणात शिकवलेलं होतं: अंगात रक्त कमी झालं की पोरं माती खातात, राख खातात, खडू खातात. वहीत मी ते लिहूनही घेतलं होतं. लोहाच्या औषधाच्या बाटल्या वाटल्या होत्या. मंगळीच्या नावापुढे 'दिली' असं माझ्याच अक्षरात होतं. दिली, हे खरं. ती प्यायली का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी आपण दोघं यमुनेकडे गेलो. ती खळ्यावर भात झोडत होती. बाटली घरात आढ्याला खोचलेली, दोनच चमचे गेलेले. "पोरीची शी काळी झाली," यमुना म्हणाली. "मी घाबरले. बंद केली." मी सांगितलं की तसं होतं, त्याने घाबरायचं नसतं. तिने मान डोलवली. आणि म्हणाली, "आता कुठं पाजू? परवा मुकादमाची गाडी येल. भट्टीवर जायचं."

वीटभट्टीवर, दादा. जिकडे बघावं तिकडे माती, चिखल, कच्च्या विटा. मी म्हटलं, "यमुने, पोरीला ठेवून जा आजीपाशी." ती म्हणाली, "म्हातारीला दिसत नाय. आणि पोरीला सोडून माझा जीव लागंल का तिथं?" मी तिला रक्ताचं सांगितलं, वजनाचं सांगितलं, तक्ता काढून लाल पट्टा दाखवला. ती काम करता करता ऐकत होती. मी जितकं बोलत होते तितकी तिची पेंढी जोरात आपटत होती.

तेव्हा तू मला म्हणालास, "बाई, तू जरा तिकडं उभी राहा."

मी खळ्याच्या कडेला, पेंढ्याच्या उडवीपाशी जाऊन उभी राहिले. काखेत माझा तक्ता. तू यमुनेशी बोललास. हात हलवले नाहीस, आवाज चढवला नाहीस. तुझी पाठ माझ्याकडे होती, मला फक्त तिचं तोंड दिसत होतं. ती आधी तुझ्याकडे बघत होती, मग खाली बघायला लागली, मग तिने हातातली पेंढी खाली ठेवली. एका जागी उभी राहिली.  मग ती माझ्याकडे चालत आली आणि म्हणाली, "मी नाय जात. नवरा जाईल. तू मला कसं पाजायचं ते दाखव."

परतीच्या वाटेवर मी तुला विचारलं, "काय सांगितलंस तिला?"

"कामाचं बोललो."

"कसलं काम?"

"भिंतीचं."

मी दोन वर्षं हा प्रश्न बाळगला. भेटलास की विचारायचे. तू कधी हसलास, कधी ब्रश धुवायला लागलास. मी मनाशी अंदाज बांधायचे. देवाची भीती घातली असेल? मुकादमाबद्दल काही सांगितलं असेल? यमुनेलाही विचारलं. ती म्हणाली, "त्याचं बोलणं त्यालाच विचारा."

मंगळी सुधारली. एकदम नाही. आधी आठवडाभर ती तट्टीच्या फटीतून बोट घालायला बघायची. तीन भिंती तोवर तुझ्या हाताने पांढऱ्या, घट्ट झाल्या होत्या. तिने तिथेही नख लावून बघितलं. काही निघालं नाही, आणि ती वैतागून माझ्याकडे तक्रार घेऊन आली, "भिंत खराब झाली." यमुना एक दिवसाआड बाटली आणि चमचा घेऊन यायची आणि माझ्यासमोर पाजायची. शी काळी झाली की मलाच येऊन सांगायची, जसं काही मी बक्षीस देणार होते. डॉक्टरांनी जंताची गोळी दिली, रक्त तपासलं, आणखी औषध वाढवलं. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मंगळी त्या कोपऱ्याकडे जातच नाही. तिला भूक लागायला लागली होती. खिचडीची, खरी.

तुला निरोप पाठवला तेव्हा तू मोखाड्याला एका शाळेच्या कामावर होतास. तू जीप पकडून आलास, तिला बघितलंस, चहा न घेता परत गेलास. एवढ्यासाठी कोणी एवढा फेरा मारतो का, असं मला वाटलं होतं.

आता ते लिहिते जे लिहायला हात जड होतो.

पावसाच्या आधी वरून तपासणी येणार होती. तट्टी लावलेली भिंत वाईट दिसत होती. मंगळी बरी झाली होती, मग तट्टी कशाला? मी तुला बोलावून घेतलं आणि मागे लागले. तू प्लास्टिकचा तुकडा लावलास. आत अजून थेंब. "एक उन्हाळा अजून जाऊ दे," म्हणालास. मी म्हटलं, "दादा, माझी नोकरी आहे." तू प्रायमर दिलास. श्रावणात त्या भिंतीचे पोपडे सुटले. पांढरे, भाकरीएवढे, पोरांच्या अंगावर पडायला लागले.

तू आलास. माझी मान खाली होती, तुझं बोलणं ऐकायची तयारी होती. तू फक्त म्हणालास, "खरवडू." सगळा उखडलेला थर पत्तीने काढून पुन्हा कोरडी घासाई करायची होती. बाहेर व्हरांड्यात खिचडी शिजत होती, पोरं तिथेच बसली होती. धूळ बाहेर येऊ नये म्हणून मी खिडक्या लावून घे म्हटलं. दारही मीच ओढून घेतलं. तू आत होतास. दिवसभर आतून दगडाची घरघर आणि तुझा खोकला ऐकू येत होता. मी तुला तोंडाला फडकं बांध म्हटलं होतं. तू म्हणालास, "फडकं बांधलं तर भिंतीचा वास कसा कळंल?" हे आपलं दुसरं भांडण. आणि यात मी बरोबर होते, दादा. पण मी बरोबर असून काय केलं? दार ओढून घेतलं.

तुझा खोकला मी पहिल्या दिवशीच ऐकला होता. कोरडा, खोल, डबा रिकामा वाजावा तसा. पोराला असा खोकला असता तर मी उचलून जव्हारच्या दवाखान्यात नेलं असतं. तुला मी म्हटलं, "दाखव जाऊन," आणि तू म्हटलंस, "दाखवतो." पुन्हा तेच. मी सांगितलं, आणि झालं असं धरून चालले.

तुझ्या दिवसांनंतर माणसं गेली. मी जीपची वाट बघत होते. भिवरीवहिनी माझ्याजवळ येऊन बसली. ती मला ओळखत नव्हती, पण तुझ्याकडून ऐकून होती. "तूच ना ती, डबा वाचणारी?" म्हणाली. मी हो म्हटलं. मग मी तिला सगळं सांगितलं. खिडक्यांचं, दाराचं. मला वाटलं ती उठून जाईल.

ती म्हणाली, "तुझी एक खोली. तो वीस वरसं घासत होता. नाशिकच्या डॉक्टरने छातीचा फोटो बघून सांगितलं, आत सगळी धूळ बसली. तुझी कुठली आणि वसईची कुठली, कोण वेगळी करंल?"

तिने मला सोडून दिलं की नाही, मला कळलं नाही. तिला कदाचित त्यात रसच नव्हता. तिला दुसरंच विचारायचं होतं. "ती पोर जगली ना? भिंतीची?"

"जगली. आता पहिलीत आहे. धावते, भांडते."

"त्या दिवशी घरी आला आणि जेवला नाय," वहिनी म्हणाली. "मला म्हणाला, आज मी आपल्या पारूचं बाहेर बोललो. पहिल्यांदा."

मला माहीत नव्हतं तुला मुलगी होती. मी तसं म्हटलं. वहिनी म्हणाली, "कुणालाच माहीत नाय आता. माहीत असलेली माणसं मेली."

मग तिने सांगितलं, सरळ, जसं भाजीचं सांगावं तसं. ते वाईट साल होतं, आपल्या डोंगरात सगळीकडेच पोरं जात होती. पारू तीन वर्षांची. घराच्या कुडाची माती खायची. तुम्हाला वाटलं वाईट खोड आहे. तू तिला मारलंस. तरी खायची. मग तू तिचे हात फडक्याने बांधलेस, रात्रंदिवस, कामावर जाताना आणि आल्यावर. ती तोंड लावून चाटायची. "कुड ओला व्हायचा तिच्या जिभेने," वहिनी म्हणाली. पंधरा दिवसांनी ती गेली. आधी तिचे हात सोडलेस, मग तिला उचललंस. त्यानंतर तू गाव सोडलंस आणि वसईला रंगाच्या कामाला लागलास.

जीप आली आणि गेली. मी बसून राहिले.

म्हणजे तू लहानपणी माती खाल्लीच नव्हतीस. यमुनेला खळ्यावर तू हे सांगितलंस. मला तू ते का सांगितलं नाहीस? मी पुन्हा पुन्हा विचार करते. मी तक्ता घेऊन उभी होते म्हणून? की मी ते कुठेतरी लिहून काढीन असं वाटलं? की मला सांगायची गरजच नव्हती. ज्या आईने ऐकायला हवं होतं तिने ऐकलं, काम झालं? मला राग आला होता, खरं सांगते. दोन वर्षं मी तुला शंभर प्रश्न विचारले आणि तू पाणी, खार, ओल, सगळ्यांची उत्तरं दिलीस. एकाचं नाही.

पण एक मला आता कळतं. भिंतीपाशी उकिडवा बसून तू इतका वेळ का हलला नव्हतास ते. आणि मंगळीने तळहात पुढे केला तेव्हा तू ती खपली का खाल्लीस. तुला पुन्हा एकदा एका पोरीचा हात धरायला मिळाला होता. या वेळी तू तो बांधला नाहीस.

परवा वहिनी आमच्या पाड्यावर आली. निरोप न देता, एकटी, जीपने. खोली बघायची म्हणाली. मी तिला आत नेलं. उत्तरेची भिंत आता ठीक आहे, शेवटच्या वेळी तू ती मनासारखी वाळू दिली होतीस. तिने भिंतीकडे फारसं पाहिलं नाही. सकाळची शाळा सुटली तेव्हा मंगळी दप्तर उडवत दारावरून गेली, मी हाक मारून दाखवली. वहिनीने मान हलवली.

मग म्हणाली, "ते औषध दाखव. तिला दिलंस ते."

मी कपाटातून लोहाची बाटली काढून दिली. एवढीशी बाटली. तिने ती उजेडात धरली, हलवली. "हे तेव्हा होतं?"

मी तिला खोटं सांगू शकले असते. "ठाऊक नाही, वहिनी," मी म्हटलं. "कुठेतरी असेल. आपल्यापर्यंत नव्हतं. आणि नुसत्या याने ती जगली असती असंही मला सांगता येत नाही."

तिने झाकण उघडलं. वास घेतला. मग करंगळीच्या टोकावर एक थेंब घेऊन जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून बसली. बाहेर पोरं कविता म्हणत होती.

"लोखंडासारखं लागतं," ती म्हणाली. झाकण लावत म्हणाली, "पारूला आवडलं असतं."